करनिवाड्यांतले भूत

करविषयक निकालांत भुताची गोष्ट वाचायला मिळेल, असे कोणाला वाटणार नाही. पण आपल्याकडच्या निवाड्यांत असे एक भूत चाळीस वर्षे वावरते आहे. ते मूळचे इंग्लंडचे.

वेस्टमिन्स्टरचे ड्यूक आपल्या माळ्याला पगाराऐवजी करारपत्राने ठरलेली रक्कम देत. काम तेच, पैसा तोच; पण पगारावर न मिळणारी करसवलत या रकमेवर मिळे. १९३५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती मान्य केली. कायद्याच्या चौकटीत राहून आपला कर कमी करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हे लॉर्ड टॉमलिन यांचे सूत्र तेव्हापासून करसल्लागारांना तोंडपाठ झाले. पुढे १९८४ मध्ये लॉर्ड रॉस्किल वैतागून म्हणाले, की ड्यूक आणि माळी यांचे हे भूत फार काळ छळत आले आहे.

लगेच १९८५ मध्ये, मॅकडॉवेल या मद्यकंपनीच्या विक्रीकराच्या खटल्यात, न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी ते भूत भारतात आणले. जन्मभूमीतच उतरवलेल्या भुताला इथे डोके वर काढू द्यायचे का, असा त्यांचा सवाल होता. करभार साध्याभोळ्या नागरिकांच्या खांद्यांवर ढकलणाऱ्यांना त्यांनी नाव दिले ‘आर्टफुल डॉजर’. इंग्रजीत ‘डॉजर’ म्हणजे चुकवणारा, म्हणून शब्द चपखल बसला. पण डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला हा डॉजर लंडनच्या रस्त्यावरचा पाकीटमार पोरगा आहे, त्याच्या चोरीवर पोसला जातो तो म्हातारा फेगिन. निवाड्यात मात्र त्या पोराचे नाव सल्लागार बाळगणाऱ्या धनवंतांना मिळाले.

२००३ मध्ये मॉरिशस कराराच्या खटल्यात न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी उलट सांगितले: इंग्लंडमध्ये भूत उतरवले गेले, हेच मुळात मान्य करता येत नाही.

ड्यूकचे नाव घेऊन कोणी हक्क मागतो, भुताचे नाव घेऊन कोणी तो नाकारतो. उपमा निकाल लक्षात ठेवायला मदत करते; पुरावा मात्र ती होऊ शकत नाही. आयकर अपील न्यायाधिकरण हे वस्तुस्थिती ठरवणारे अखेरचे पीठ. तिथे शेवटी एवढेच पाहावे लागते, की कागदावर लिहिलेला व्यवहार खरोखर झाला होता का. त्या माळ्याला करारपत्रानंतरही बागेतले काम चुकले नव्हते.