मेन स्विच आणि पहिली वेलांटी

परवा शनिवारी डोंबिवलीच्या घरी माळा आवरताना २००५ सालचं एक मराठी मॅन्युअल सापडलं. मशीनचं. (कंपनीचं नाव नको!) त्याच्या आधीच्या आवृत्तीत ‘आधी मेन स्विच बंद करा’ ही ओळ कुणीतरी वर्डमध्ये हाताने ठळक केली होती. नव्या आवृत्तीत फॉन्ट बदलला आणि ती ओळ बाकीच्या मजकुरात मिसळून गेली. एमआयडीसीतल्या ऑपरेटरच्या नजरेतून ती सुटली. बोटं वाचली, नशीब त्याचं.

दुखणं जुनंच. १९६९ साली आयबीएममधल्या गोल्डफार्ब, मोशर, लॉरी या तिघांनी जीएमएल काढली (आडनावांची आद्याक्षरं जुळवून बघा!). मजकूर दिसतो कसा ते नको, तो आहे काय ते लिहा. १९८६ मध्ये एसजीएमएल, १९९१ मध्ये हॅल आणि ओरायलीचं डॉकबुक, १९९८ मध्ये एक्सएमएल. डॉकबुकमध्ये त्या ओळीला ‘वॉर्निंग’ टॅग लावायचा; लाल करायची की चौकटीत टाकायची, ते स्टाइलशीट बघेल.

मग आम्ही मॅन्युअल डॉकबुकमध्ये आणलं. एचटीएमएल झकास! पीडीएफमध्ये मात्र ‘स्विच’चे तुकडे. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी व्यंजनानंतर साठवतात, दाखवायची आधी. अपाची एफओपीला तेव्हा हे जमत नव्हतं. ते आलं २०१२ च्या १.१ आवृत्तीत. तोवर कोण थांबणार? ब्राउझरमधूनच पानं छापली, ठाण्यात स्टेशनजवळ स्पायरल बाइंडिंग केलं आणि लोकलने गठ्ठा डोंबिवलीला नेला. चौकट काळीच आली, रंगीत प्रिंटर नव्हता.