मुक्काम कुठला, पैवस्ती कधीची? फिरतीवर वाचलेल्या ई-मेलचा इतिहास

मोडी कागद पहिल्यांदा हातात आला की आपण सरळ मजकुराकडे धावतो. त्याआधी कागदाचा माथा आणि कडा बघा. पेशवेकाळातल्या पुष्कळ पत्रांवर 'पैवस्ती' नोंदलेली असते, म्हणजे पत्र पोचल्याची तारीख. लिहिल्याची तारीख वेगळी, पावल्याची वेगळी. मुक्कामाचं नाव सापडलं तर सोन्याहून पिवळं. या दोन तारखांमधल्या अंतरातून बरंच काही निघतं. जासुदाला किती दिवस लागले, पावसाने वाट अडली होती का, आणि मुख्य म्हणजे अमुक निर्णय घेताना ती बातमी त्या माणसाच्या हाती होती की नव्हती.

हाच प्रश्न आता फोनला विचारू. कामासाठी फिरतीवर असलेल्या माणसाने मोबाइलवर मेल वाचला, तर तो 'कुठे' आणि 'कधी' पावला असं इतिहासकाराने धरायचं?

उदाहरणाला ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे तालुके घेऊ. शेजारी शेजारी, पण दळणवळणात नशीब वेगळं. रेल्वे १८५४ साली कल्याणला पोचली आणि १८६१ साली कसाऱ्याला. त्यामुळे शहापूरच्या वाट्याला वासिंद, आसनगाव, खर्डी अशी स्टेशनं आली. मुरबाडला अजूनही गाडी जात नाही. कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता हाच त्याचा आधार.

इंग्रजी अमदानीत थंडी पडली की जिल्ह्याचे साहेब तंबू, कारकून आणि दप्तर घेऊन दौऱ्यावर निघत. टपाल त्यांच्या मागोमाग मुक्कामी जाई. तिथून निघणाऱ्या पत्राच्या माथ्यावर 'कॅम्प' आणि पुढे गावाचं नाव. कचेरी फिरते आहे हे कागद सरळ कबूल करत होता! दौऱ्याचा माग काढायला एवढ्या दोन शब्दांइतकं सोपं साधन दुसरं नाही, असं माझं मत.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं, पण सुरुवातीची बरीच वर्षं मेल टेबलाला बांधलेला होता. फिरतीवरच्या माणसाने ऑफिसात परतायचं, नाहीतर सायबर कॅफे शोधायचा. २००४ मध्ये ब्लॅकबेरी भारतात आला तो साहेबलोकांपुरता. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि मग डोळखांबकडून येणारा साधा कर्मचारीसुद्धा किन्हवलीला रेंज मिळाली की एसटीत बसल्याबसल्या मेल उघडू लागला.

आता गंमत बघा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम १३ वाचा. वेगळा करार नसेल तर ई-मेल मिळाल्याचं ठिकाण म्हणजे घेणाऱ्याच्या कामकाजाचं ठिकाण. त्याने मेलसाठी ठरावीक यंत्रणा नेमून दिली असेल, तर मेल त्या यंत्रणेत शिरला तीच मिळाल्याची वेळ. म्हणजे ठाण्यातल्या ऑफिसचा माणूस दिवसभर मुरबाडच्या डोंगरात रेंजबाहेर असला, तरी कायद्याच्या लेखी सकाळी आलेला आदेश त्याला सकाळीच, ठाण्यात मिळाला. कोर्टाला असा काहीतरी नियम लागतोच, त्याबद्दल तक्रार नाही. पण इतिहास लिहिताना 'मिळाला' आणि 'वाचला' यात गल्लत झाली, तर आपण त्या माणसावर ढिलाईचा ठपका ठेवून मोकळे होऊ.

मग नवी पैवस्ती शोधायची कुठे? मेलच्या शीर्षनोंदीत, म्हणजे हेडरमध्ये. त्यात 'डेट' या ओळीत पाठवणाऱ्याने मजकूर पुरा करून 'पाठवा' म्हटल्याची वेळ असते, निदान ई-मेलच्या प्रमाण नियमांनुसार तरी. 'रिसिव्ह्ड' या ओळींत वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने मेल स्वीकारल्याची वेळ असते. फोनला रेंज नसेल तर उत्तर आउटबॉक्समध्ये पडून राहतं. म्हणून 'डेट' आणि पहिली 'रिसिव्ह्ड' यांच्यात दोन-तीन तासांची फट दिसली, तर ते गाव रेंजबाहेर होतं का, हा प्रश्न विचारायला जागा आहे. लगेच निष्कर्ष काढू नका. फोनचं घड्याळ चुकलेलं असू शकतं, काही अॅप ही वेळ आपल्या पद्धतीने घालतात. शेवटी 'माझ्या ब्लॅकबेरीवरून पाठवले' अशा अर्थाची आपोआप येणारी ओळ असेल तर तीही टिपून ठेवा. ती यंत्राचं नाव सांगते, गावाचं सांगत नाही.

अडचण अशी की ऑफिसात मेलची प्रिंट काढून त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारतात आणि फायलीला लावतात. सगळं हेडर प्रिंटवर उतरत नाही, आणि शिक्का असतो ऑफिसचा. तेव्हा परवानगी मागताना मूळ मेल हेडरसकट मागा. मुलाखतीला गेलात तर 'मेल कधी वाचला?' असं विचारू नका, तारखा कुणाला आठवत नाहीत. 'त्या रस्त्याला रेंज कुठे यायची?' असं विचारा, आणि सरळगावपासून टोकावड्यापर्यंतचा नकाशा समोर ठेवा.