मुलांसाठी राखलेलं शेत

"बाबा, पोरांना घेऊन ग्लास्टनबरीला जाऊ का?" इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या लेकीनं फोनवर विचारलं. धाकटं अवघं तीन वर्षांचं. गाण्यांचा दणदणाट, चिखल, तंबूतला मुक्काम! तोंडावर 'नको'च आलं होतं. पण आधी त्या उत्सवाचा इतिहास चाळला.

1970 साली सॉमरसेटमधल्या पिल्टन गावी मायकेल इव्हिस या दूधदुभत्याचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्यानं आपल्या शेतावर तो भरवला. तिकीट एक पौंड, वर शेतावरचं दूध फुकट. श्रोते सुमारे दीड हजार.

मुलांचा खास विचार झाला तो 1979 मध्ये. ते संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय बालवर्ष. आयोजकांत विन्स्टन चर्चिल यांची नात ॲराबेला होत्या. उत्सव बालवर्षाला वाहिला. गर्दी जमली, पण मोठी खोट आली आणि 1980 साली उत्सव झालाच नाही.

ॲराबेलाबाईंनी मात्र मुलांना सोडलं नाही. 1981 मध्ये त्यांनी 'चिल्ड्रन्स वर्ल्ड' ही संस्था काढली. उत्सवातला नाटक-सर्कशीचा विभागही त्या वर्षानुवर्षं सांभाळत राहिल्या. 2007 मध्ये त्या गेल्या. मुलांसाठीचं वेगळं मैदान तिथं आजही असतं आणि पालकांसोबत आलेल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट पडत नाही.

मी लेकीला म्हटलं, "खुशाल जा. पोरांच्या कानांवर इअरमफ घाल, मनगटावर तुझा फोन नंबर बांध, आणि तंबू मोठ्या रंगमंचापासून लांब ठोक. त्या खोटीच्या वर्षी कुणीतरी त्यांची जागा धरून ठेवली आहे."