राखीव यंत्र सज्ज होते, तरीही…

१/ १५ जानेवारी १९९०, सोमवार, दुपारचे २ वाजून २५ मिनिटे. न्यू जर्सीतील बेडमिन्स्टर येथे एटी अँड टी कंपनीच्या नियंत्रण केंद्रात भिंतीवरील ७५ पडद्यांवर तांबडे इशारे उमटू लागले. पुढील सुमारे ९ तास अमेरिकेतील दूर अंतराचे कोट्यवधी कॉल लागलेच नाहीत. केबल तुटली नव्हती, वीजही गेली नव्हती. राखीव यंत्रे जागेवर सज्ज होती. मग बिघडले काय?

२/ त्यासाठी थोडे मागे जावे लागते. अल्मन स्ट्रोजर यांना १८९१ मध्ये ज्या स्वयंचलित टेलिफोन पद्धतीचे पेटंट मिळाले, तीत नियंत्रण विखुरलेले होते. डायल फिरवताच कॉल एकेका यांत्रिक निवडकातून पुढे सरके. एखादा निवडक अडकला, तर तेवढा कॉल फसे; उरलेले गाव बोलत राही.

३/ ३० मे १९६५ रोजी न्यू जर्सीतील सक्कासना येथे बेल कंपनीचे 'वन ईएसएस' हे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झाले आणि हे चित्र पालटले. आता हजारो ग्राहकांचे कॉल एकच संगणक जोडू लागला. तो थांबला, की सारे एक्स्चेंज मुके होणार. अभियंत्यांनी उद्दिष्ट ठरवले ते असे : ४० वर्षांत एकूण बंद काळ २ तासांहून अधिक नसावा, म्हणजे वर्षाला सरासरी ३ मिनिटे.

४/ यावर उपाय होता जोडीचा. दोन नियंत्रक एकाच वेळी तीच आज्ञा पाळत. एकाचा हुकूम चाले, दुसरा सोबत तेच गणित करत राही. दोघांची उत्तरे सतत ताडून पाहिली जात. ती जुळली नाहीत, की तपासणी सुरू होई, सदोष नियंत्रक बाजूला काढला जाई आणि निर्दोष नियंत्रक कारभार हाती घेई. सुरू असलेली संभाषणे सहसा तुटत नसत.

५/ मग टेलिप्रिंटरवर आकड्यांची एक ओळ छापली जाई. कर्मचारी ती जाडजूड सूचीत शोधी आणि कोणते सर्किट कार्ड बदलायचे ते त्यास कळे. ग्राहकाला यातले काहीच जाणवत नसे.

६/ १९७६ पासून दूर अंतराच्या वाहतुकीसाठी 'फोर ईएसएस' यंत्रे आली. १९९० पर्यंत एटी अँड टीच्या जाळ्यात अशी ११४ यंत्रे होती. तोवर संरक्षणाचे दोन थर झाले होते : यंत्राच्या आत राखीव जोडीदार, आणि संपूर्ण यंत्र बिघडलेच, तर वाहतूक शेजारच्या यंत्रांकडे वळवण्याची सोय.

७/ त्या सोमवारी न्यूयॉर्कमधील एका यंत्राला स्वतःत किरकोळ दोष आढळला. नियमाप्रमाणे त्याने शेजाऱ्यांना कळवले, "सध्या कॉल पाठवू नका." ४ ते ६ सेकंदांत ते सावरले आणि पुन्हा कामाला लागले. इथपर्यंत सारे यथास्थित होते.

८/ मात्र डिसेंबर १९८९ मध्ये सर्व यंत्रांत नवा प्रोग्रॅम बसवण्यात आला होता. सावरलेल्या यंत्राने "मी परतलो" असा वेगळा निरोप देण्याची प्रथा त्यात वगळली होती. त्याच्याकडून नव्या कॉलचा संदेश आला, की ते परतले असे शेजाऱ्यांनी समजावे आणि तशी नोंद करावी. यामागचा हेतू वेळ वाचवण्याचा होता.

९/ घात झाला तो इथे. शेजारी यंत्र ती नोंद करीत असतानाच, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत दुसरा संदेश आला, तर 'ब्रेक' ही चुकीच्या जागी लिहिलेली आज्ञा आडवी येई आणि स्मृतीतील माहितीवर भलतीच माहिती लिहिली जाई. आपण बिघडलो, हे त्या यंत्राला लगेच उमगे. मग ते राखीव जोडीदाराकडे काम सोपवी.

१०/ जोडीदार धडधाकट होता. पण त्याच्यातही तोच प्रोग्रॅम होता. तशाच पाठोपाठच्या दोन संदेशांनी तोही कोसळे. मग ते संपूर्ण यंत्र काही सेकंद थांबे, सावरे आणि साचलेल्या कॉलचे संदेश भराभर सोडी. ते संदेश पुढच्या शेजाऱ्याला पाडत. तो सावरला, की त्याचे संदेश पहिल्यालाच पुन्हा पाडत.

११/ अशा रीतीने सावरण्याची क्रियाच साथीसारखी पसरली. एटी अँड टीच्या जाळ्यावरील सुमारे निम्मे कॉल फसले. न लागलेल्या कॉलची संख्या साडेसहा कोटींवर गेली. काहींना घातपाताचीही शंका आली. अभियंत्यांनी जाळ्यावरील संदेशांचा भार कमी केला, तेव्हा रात्री साडेअकराच्या सुमारास यंत्रे स्थिरावली. पुढे जुना प्रोग्रॅम परत बसवण्यात आला आणि प्रयोगशाळेत ती चूक सापडली.

१२/ झिजलेला भाग, जळालेले सर्किट, सैल तार यांविरुद्ध जोडी उत्तम काम करते. कारण दोन सुटे भाग नेमक्या एकाच क्षणी झिजत नाहीत. लिहिण्यातील चूक मात्र दोघांतही पहिल्या दिवसापासून असते. एकाच अशुद्ध प्रतीवरून उतरवलेल्या दोन पोथ्या ताडून पाहिल्या, तर त्या अक्षरशः जुळतात. त्याने पाठ शुद्ध ठरत नाही. १५ जानेवारीला दुसरी पोथी हाताशी होती. तीही त्याच प्रतीवरून उतरवलेली होती.