करवत आणि काटकोन

भिंतीवर टांगलेल्या तसबिरीची चौकट सहसा कोणी न्याहाळून पाहत नाही. लक्ष जाते ते आतल्या चित्राकडे. परंतु चौकटीच्या कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली, तर मात्र डोळा तेथेच अडखळतो. ही फट येते कोठून? चौकटीला चार पट्ट्या असतात, प्रत्येक पट्टीची दोन्ही टोके ४५ अंशांत तिरपी कापावी लागतात, म्हणजे एकंदर आठ काप झाले. प्रत्येक कापात केवळ अर्ध्या अंशाची चूक झाली आणि आठही चुका एकाच बाजूला झुकल्या, तर तीन कोपरे बेमालूम जुळवून चौथ्याशी येईपर्यंत चुकीची बेरीज चार अंशांची होते. पट्टी पाच सेंटिमीटर रुंद असेल, तर त्या शेवटच्या कोपऱ्यात जवळजवळ अर्ध्या सेंटिमीटरची फट पडते. लांबीतली चूक रंध्याच्या एका हाताने निघते, कोनातली चूक मात्र अशी साठत जाते. म्हणूनच सुतारकामाच्या इतिहासात जी धडपड दिसते, ती निव्वळ लाकूड कापण्याची नाही. लाकूड तर कुऱ्हाडीनेही तुटते. हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या कोनात आणि पुन्हा पुन्हा तसेच कापता यावे, यासाठी माणसाने काय काय केले, त्याची ही हकीकत आहे.

तिचा आरंभ तांब्यापासून होतो. इजिप्तमध्ये पिरॅमिडांच्याही आधीच्या थडग्यांत तांब्याच्या करवती मिळालेल्या आहेत. तांबे मऊ; अशी पातळ पट्टी पुढे रेटली, तर ती वाकते. म्हणून इजिप्तचा सुतार करवत स्वतःकडे ओढून कापी. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातील वजीर रेखमिरे याच्या थीब्ज येथील थडग्यात भिंतीवर सुतारांची चित्रे आहेत. त्यांत फळी एका उभ्या खांबाला दोरीने आवळून बांधलेली असून कारागीर वरून खाली कापीत आलेला दिसतो. लाकूड घट्ट धरून ठेवण्याची गरज किती जुनी आहे, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण. त्या देशात चांगले लाकूड दुर्मिळ होते, देवदार समुद्रमार्गे लेबाननहून आणावे लागे. साहजिकच लहान लहान तुकडे नेमके सांधून मोठी वस्तू घडविण्याची कला तेथे लवकर प्रगत झाली. मध्य राजवटीच्या काळातील लाकडी शवपेट्यांचे कोपरे तिरप्या कापाने जुळविलेले आढळतात. अर्थात तसबिरीच्या चौकटीचा सांधा किमान चार हजार वर्षांचा आहे.

सिंधू संस्कृतीतही करवत होती. मोहेंजोदडो येथील उत्खननात तांब्या-काशाच्या दातेरी करवती मिळाल्या. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक लक्षवेधी वस्तू गुजरातेतील लोथल येथे सापडली आहे. ती आहे हस्तिदंती मापनपट्टी. सुमारे ४६ मिलिमीटर लांबीत तिच्यावर २७ रेषा कोरलेल्या असून दोन रेषांमधील अंतर सुमारे १.७ मिलिमीटर भरते. एवढे बारीक माप ज्यांना लागत होते, त्यांच्या कारागिरीची पातळी निराळी सांगावयास नको.

काटकोनाचे आणि कर्णाचे शास्त्र भारतात यज्ञवेदीच्या निमित्ताने वाढले. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाचा कर्ण काढण्याची रीत दिली आहे. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा अंश वजा करावा. या रीतीने येणारा आकडा एक मीटर बाजूच्या चौरसाला लावला, तर चूक मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या दुपटीएवढीच राहते. आणि ४५ अंशांचा काप म्हणजे तरी दुसरे काय? फळीच्या रुंदीएवढा चौरस कल्पून त्याच्या कर्णावर चालविलेली करवतच ती. दोरी ताणून वेदी आखणारा आणि गुण्या लावून फळी आखणारा, दोघेही एकाच रेषेच्या शोधात होते. समाजाने मात्र त्यांना वेगवेगळ्या पंक्तींत बसविले. पाणिनीच्या एका सूत्रात गावाचा सुतार आणि स्वतंत्र धंदा करणारा सुतार असा भेद नोंदलेला आहे. महाराष्ट्रातील बलुतेदार सुतार हा त्यांतल्या पहिल्याचाच वारस. नांगर, मोट आणि बैलगाडी सांभाळणाऱ्या या माणसाचे भूमितीचे ज्ञान हातात राहिले, पोथीत उतरले नाही.

रोमन लेखक प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला. त्याने करवतीच्या शोधाचे श्रेय ग्रीक पुराणातील डिडॅलसला दिले आहे. ही दंतकथा सोडून देऊ. पण त्याचे दुसरे निरीक्षण अस्सल आहे. करवतीचे दात एकाआड एक डावीउजवीकडे वाकविलेले असतात आणि त्यामुळे भुसा बाहेर पडतो, असे तो सांगतो. दात सरळ रेषेत असतील, तर पाते लाकडात आवळले जाते. दातांना वाक दिला, की काप पात्याहून किंचित रुंद पडतो व पाते मोकळे चालते. मात्र हा वाक एका बाजूला तिळाएवढा जास्त झाला, तरी करवत त्या बाजूला ओढ घेते आणि काप रेषा सोडतो. आजचा सुतार कानस घेऊन दात लावायला बसतो, तेव्हा हाच तोल साधीत असतो.

लोखंड आणि पुढे पोलाद आल्यावर यूरोपात करवत पुढे ढकलून कापण्याची पद्धत रूढ झाली. जपानने मात्र ओढण्याची रीत सोडली नाही, भारतातील जुन्या पद्धतीच्या हातकरवतींचे दातही मुठीकडे वळलेले असत. ओढलेले पाते ताणले जाते, म्हणून ते पातळ ठेवता येते आणि काप बारीक पडतो. ढकलणाऱ्याला जाड पाते लागते किंवा पात्याच्या पाठीवर धातूची पट्टी चढवून त्याला ताठ करावे लागते. १७४० च्या सुमारास शेफील्डच्या परिसरात बेंजामिन हंट्समन याने मुशीत वितळविलेले एकजिनसी पोलाद तयार केले, त्यानंतर चांगल्या करवतींना शेफील्डचे नाव चिकटले. अमेरिकेत हेन्री डिस्टन याने १८४० मध्ये फिलाडेल्फियात कारखाना काढला.

आता या इतिहासातील कडू भाग. ओंडक्याच्या फळ्या पाडणे हे दोन माणसांचे काम होते. एक वर उभा, दुसरा खाली खड्ड्यात, आणि मध्ये लांब आरा. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडे. हॉलंडमध्ये कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन याने १५९४ च्या सुमारास हे काम पवनचक्कीकडून करवून घेतले आणि डच जहाजबांधणीला त्याचा मोठा हातभार लागला. इंग्लंडात मात्र आरेकऱ्यांचा विरोध एवढा प्रखर होता, की १७६८ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात चार्ल्स डिंगली याने उभारलेली वाऱ्यावर चालणारी गिरणी जमावाने चाल करून मोडून टाकली. या माणसांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. खड्ड्यातले काम कोणाला प्रिय नव्हते, पण तेवढेच एक काम त्यांच्या हाती होते.

त्यांची भीती किती खरी होती, हे चाळीस वर्षांत दिसले. वर्तुळाकार करवतीचे पेटंट इंग्लंडात १७७७ मध्ये सॅम्युअल मिलर याच्या नावे निघाले. साउदॅम्प्टनचा वॉल्टर टेलर याच्या कारखान्यात अशा करवती जहाजांच्या लाकडी कप्प्या बनविण्यासाठी चालत होत्या. (अमेरिकेत टॅबिथा बॅबिट या शेकर पंथीय स्त्रीने १८१३ मध्ये चरख्याकडे पाहून गोल करवत शोधली, अशी गोड कथा सांगतात. तारखांकडे पाहता तिला पहिला मान देता येत नाही.) मोठ्या युद्धनौकेला हजाराच्या आसपास कप्प्या लागत. त्या एकसारख्या निघाव्यात म्हणून मार्क ब्रुनेल याने आखलेली आणि हेन्री मॉड्स्ले याने घडविलेली यंत्रे पोर्ट्समथच्या गोदीत बसविण्यात आली. १८०८ मध्ये तेथे वर्षाला एक लाख तीस हजार कप्प्या निघत होत्या, आणि पूर्वी एकशेदहा कुशल कारागीर जे काम करीत ते दहा अकुशल माणसे करू लागली होती. त्याच सुमारास मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे पारशी जहाजबांधे मलबारी सागवानाच्या युद्धनौका बांधीत होते. त्यांनी १८१७ मध्ये पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडातील हार्टलपूल येथे अद्याप तरंगते आहे. म्हणजे काटेकोरपणा हातातून यंत्रात जात होता, त्या वेळी हातातला काटेकोरपणाही काही हरलेला नव्हता.

कोनाच्या बाबतीत हे स्थलांतर सावकाश झाले. जोसेफ मॉक्सन याने लंडनमध्ये १६७७-७८ पासून हस्तव्यवसायांवर भागशः पुस्तक काढले. त्यात सांधकाम करणाऱ्याच्या हत्यारांमध्ये ४५ अंशांचा गुण्या वर्णिलेला आहे. पण गुण्या रेषा दाखवितो, करवत धरून ठेवीत नाही. ती धरून ठेवण्याची सोपी युक्ती म्हणजे तीन फळ्यांची उघडी पेटी. तिच्या दोन्ही भिंतींना तिरप्या खाचा पाडलेल्या, पट्टी आत ठेवायची आणि करवत खाचेतून चालवायची. ही पेटी कोणताही सुतार दुपारभरात करतो. तिचा दोष एवढाच, की प्रत्येक कापाबरोबर करवत खाचही थोडी थोडी खात जाते आणि वर्षभराने ४५ चे ४६ केव्हा झाले हे समजत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या लिअँडर लँगडन याने १८६४ मध्ये मायटर पेटीचे पेटंट घेतले. या वळणाच्या लोखंडी पेट्यांत करवत धातूच्या खांबांमध्ये सरकते, कोन बदलता येतो आणि ठरलेल्या अंशांवर खटक्याने पक्का बसतो.

यानंतर विजेची मोटर आली. रेमंड डीवॉल्ट याने १९२२ मध्ये आडव्या भुजेवर मोटरसह गोल करवत टांगली. भुजा फिरवून कोन साधता येऊ लागला. १९६४ मध्ये अमेरिकेतील रॉकवेल कंपनीने मायटर पेटीवरच मोटरची करवत बिजागरीने बसविली. कंपनीने त्या रचनेचे पेटंट घेतले नाही, त्यामुळे इतर उत्पादकांना रान मोकळे मिळाले. आज भारतातील शहरांत फर्निचरच्या कामावर किंचाळणारे जे यंत्र दिसते, ते याच कुळातले. त्याआधी जर्मनीत क्रुप कंपनीने १९२० नंतरच्या दशकात टंगस्टन कार्बाइड बाजारात आणले होते. त्याचे ‘विडिया’ हे नाव ‘हिऱ्यासारखे’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून घेतलेले आहे. सागवानात सिलिका असते, त्यामुळे साध्या पोलादाचे दात लवकर बोथटतात. गोल पात्याला कार्बाइडच्या टिकल्या जडविल्या, तेव्हा सागवानाशी झुंजणे सोपे झाले.

या यंत्रांची निवड करताना खरेदीदार बहुधा मोटरच्या ताकदीकडे आणि पात्याच्या मोठेपणाकडे पाहतो. वस्तुतः दहा इंची पाते बारा इंचीपेक्षा कमी थरथरते, आणि चौकटीच्या पट्ट्यांना ते पुरून उरते. रुंद फळी कापायची असेल, तर दांड्यांवर पुढेमागे सरकणारे यंत्र लागते. पण सरकणाऱ्या भागात यत्किंचितही खेळ असला, तर तो थेट कापात उतरतो. दुकानात डोके खाली ओढून ते हाताने आडवे हलवून पाहावे. जाहिरातीपेक्षा ही परीक्षा खरी. यंत्राबरोबर येणारे पाते बहुधा थोड्या दातांचे असते. ते झपाट्याने कापते आणि तंतू उपसते. स्वच्छ आडव्या कापासाठी दहा इंची पात्याला साठ ते ऐंशी दात असावेत, ते आळीपाळीने दोन्ही बाजूंना तासलेले असावेत आणि त्यांची धार फार पुढे झुकलेली नसावी, नाहीतर पाते लाकूड ओढून घेते.

जोडसाहित्यात सर्वांत स्वस्त वस्तू सर्वांत उपयोगी ठरते. आधारभिंतीला घट्ट बसविलेला एक ठोकळा असला, की त्याला टोक टेकवून कापलेल्या समोरासमोरच्या पट्ट्या तंतोतंत सारख्या लांबीच्या निघतात. पट्ट्यांच्या लांबीत फरक असेल, तर निर्दोष ४५ अंशही चौकट जुळवू शकत नाहीत. लाकूड शिकंज्याने आवळावे, बोटांनी नव्हे. तिरप्या कापात लाकूड पात्याबरोबर सरकू पाहते आणि बोटेही त्याच दिशेने जातात. भुसा ओढून घेणारी नळी ही चैन समजली जाते. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. खड्ड्यातल्या आरेकऱ्याच्या डोळ्यांत पडणारा भुसा आता अधिक बारीक होऊन फुप्फुसात जातो, एवढाच बदल.

आणि यंत्रावरच्या अंशांच्या पट्टीवर कोणी जुना सुतार विश्वास ठेवीत नाही. तो टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे ४५ वर कापतो, एकमेकांना भिडवितो आणि आत गुण्या लावून उजेडासमोर धरतो. गुण्याच्या कडेतून प्रकाशाची रेघ दिसली, तर काट्याखालचा स्क्रू सैल करून पाव अंश इकडेतिकडे करतो व पुन्हा दोन तुकडे कापतो. जुन्या घरात छताखालची नक्षीपट्टी बसवायची असेल, तर आणखी एक काम वाढते. छताशी कलती बसणारी ही पट्टी आडवी ठेवून कापताना दोन कोन एकदम साधावे लागतात. भिंतीशी ३८ अंशांची ठेवण असलेल्या पट्टीला काटकोनी कोपऱ्यात ते ३१.६ आणि ३३.९ अंश येतात, असे तक्ते सांगतात. पण गवंड्याने चुन्यात बांधलेला कोपरा क्वचितच पुरता काटकोनी असतो. मग तक्ता बाजूला ठेवून सुतार प्रथम कोपऱ्याचाच कोन मोजतो, त्याचे दोन समान भाग करतो, आणि त्यानंतर यंत्राचे बटण दाबतो.