मागची रिंग, नागपाडा आणि आपली माजी मुलं

स्मरणिका समितीने ठरवलं की प्रत्येकाने सोसायटीच्या इतिहासातलं एकेक प्रकरण लिहायचं. भूखंड, नोंदणी, कन्व्हेयन्स, पाण्याची टाकी, लिफ्ट, गणपती ही सगळी भराभर वाटली गेली. मागच्या मोकळ्या जागेतली बास्केटबॉलची रिंग तेवढी उरली. ती मी मागून घेतली. वाटपात उरलेलं काम म्हणून घेतलं नाही. आपल्या पंचवीस वर्षांत सगळ्यांत मोठं भांडण आणि सगळ्यांत चांगलं काम दोन्ही त्या रिंगखाली झालं, असं माझं मत आहे. बी विंगला ते पटणार नाही, पण त्यांच्यासाठी पुढची पानं आहेत.

आधी ती जागा का आहे ते सांगते. बिल्डर काही मुलांच्या प्रेमाने जागा सोडत नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे १००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावर, आकारानुसार १५ ते २५ टक्के जागा खेळण्या-बसण्यासाठी मोकळी ठेवावी लागे. नकाशावर तिला 'आर.जी.' म्हणतात. आपल्या आर.जी.त बिल्डरने दोन बाक, एक घसरगुंडी आणि एक रिंग उभी करून दिली. ब्रोशरमध्ये 'स्पोर्ट्स फॅसिलिटी' म्हणून छापलं होतं ते हेच. बास्केटबॉलचं पूर्ण कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं. आपल्याकडे त्याचं अर्धंही मावत नाही. पण रिंग मात्र बरोबर ३.०५ मीटर उंचीवर आहे. माझ्या मुलीने शिडीवर चढून टेपने मोजली होती.

हे ३.०५ कुठून आलं, याची गोष्ट मला फार आवडते. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी वाय.एम.सी.ए.च्या शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे एक कॅनेडियन शिक्षक होते. बाहेर बर्फ, आत अठरा कंटाळलेली मुलं. त्यांनी पीच ठेवायच्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. सज्जा होता दहा फूट उंच. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. त्या सज्जाच्या हिशेबाने आज आपल्या मुलुंडातली मुलंही उड्या मारतात.

आपल्या देशात हा खेळ वाय.एम.सी.ए.च्याच हाताने पसरला. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं आणि तिथून शिकून निघालेले शिक्षक गावोगाव गेले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली. हे झालं पुस्तकी. मुंबईपुरतं बोलायचं तर एकच नाव घ्यावं लागतं, नागपाडा.

मी मध्य रेल्वेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकून होते. आमच्या सेक्शनला खेळाडू कोट्यातली मुलं असत. दुपारी तीनला ती उठून सरावाला जात आणि बाकीचे आम्ही फायलींआडून बघत बसायचो. त्यांतली बास्केटबॉलवाली मुलं उंचीपेक्षाही हातांवरून ओळखू यायची. टेबलावरची पेनसुद्धा बोटांवर फिरवत. "कुठला तू?" विचारलं की उत्तर ठरलेलं. नागपाडा. भायखळ्याच्या पलीकडची ती दाट वस्ती. तिथे अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये 'नागपाडा नेबरहूड हाउस' उभारलं. वस्तीतल्या कुठल्याही धर्माच्या माणसाने यावं, वाचावं, शिकावं, खेळावं, अशी ती कल्पना. याच घरात १९३६ मध्ये समाजकार्याची दोराबजी टाटा संस्था सुरू झाली, जी पुढे १९५४ मध्ये आपल्याजवळ देवनारला आली आणि टिस म्हणून नावारूपाला आली. म्हणजे एकाच इमारतीतून देशाला समाजसेवक मिळाले आणि बास्केटबॉल खेळाडूही. हे सोसायटीतल्या टिसवाल्या मुलीलाही माहीत नव्हतं.

अब्बास मुन्तसिर याच नागपाड्याचे. ते भारताचे कप्तान झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्यानंतर तिथून खेळाडू निघतच राहिले. नेबरहूड हाउस, मस्तान वाय.एम.सी.ए., बच्चू खान मैदान, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ना मोठं स्टेडियम, ना गाद्यांच्या खुर्च्या. आमच्या ऑफिसातल्या एकाला मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला फी किती पडायची? तो हसला. म्हणाला, मॅडम, फी कसली, मोठे शिकवायचे. आम्ही नोकरीला लागलो की आम्ही लहानांना शिकवायचं. बूट लहान झाले की खालच्याला द्यायचे. पहिला पगार झाला की एक बॉल आणून द्यायचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, असंच होतं.

मला वाटतं, माजी विद्यार्थ्यांच्या निधीचं सगळं शास्त्र त्या तीन वाक्यांत आलं. आज त्याला मोठी मोठी नावं आहेत. डोंगरापलीकडे पवईला आय.आय.टी.च्या १९९८ च्या बॅचने २०२३ मध्ये आपल्या रौप्यमहोत्सवी भेटीत संस्थेला ५७ कोटी रुपये देऊ केले. वाचून डोळे विस्फारले. रौप्यमहोत्सव आमचाही आहे हो, पण आमच्याकडे जेमतेम पॅसेज रंगवण्याची चर्चा चालू आहे. अमेरिकेतल्या शाळांत माजी खेळाडू विरुद्ध आताचा संघ असा सामना लावतात, तिकीट विकतात आणि गल्ला संघाला देतात. आपल्याकडे हेच बिनतिकिटाचं, बिनपावतीचं चालत आलंय.

आता आपल्या रिंगकडे येते.

पहिली दहा-बारा वर्षं तिथे आपलीच मुलं खेळली. संध्याकाळी बॉल जमिनीवर आपटल्याचा आवाज, त्यावर तळमजल्यावरच्या आजोबांची तक्रार, त्यावर कमिटीची 'सात ते साडेआठ' ही वेळ. ती पाटी अजून आहे. माझी मुलगी त्या टोळीत एकटीच मुलगी होती. शाळेच्या संघातून जिल्हास्तरापर्यंत गेली. मग ती मुलं मोठी झाली. पुणे, बंगळुरू, न्यू जर्सी, सिंगापूर, दोघं ठाण्यात, एकटा अजून ए विंगमध्ये. रिंगला गंज चढला, जाळी कधीच गळली होती. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये एन.बी.ए.चे दोन संघ, सॅक्रॅमेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स, खेळून गेले. पहिल्या दिवशी सगळा प्रेक्षक शाळकरी मुलांचा. टी.व्ही.वर बघताना मला आपली गंजकी रिंग आठवली, एवढं खरं.

रिंग पुन्हा वापरात आणली ती आपल्या वॉचमनच्या मुलाने. दुपारी सगळे झोपलेले असताना तो एकटा खेळायचा, तेही फुटबॉल घेऊन. पुढे शेजारच्या शाळेच्या कोर्टवर जायला लागला. तिथे एक निवृत्त खेळाडू संध्याकाळी आसपासच्या चाळींतल्या आणि मिठागराकडच्या वस्तीतल्या मुलांना शिकवतात. तो १४ वर्षांखालच्या शालेय जिल्हा संघात निवडला गेला. ज्या दिवशी निवड झाली त्या दिवशी त्याच्या पायात चप्पल होती. ए विंगमधल्या आपल्या 'एकट्या'ने हा फोटो जुन्या मुलांच्या ग्रुपवर टाकला.

दोन दिवसांत वीसेक जण पैसे द्यायला तयार. इथवर कौतुक, इथून पुढे भांडण.

कुणाला रिंगभोवती रबरी फरशी हवी होती. कुणाला फ्लडलाइट. एकाला संगमरवरी पाटी, वर सगळ्या देणगीदारांची नावं. कमिटीतल्या काहींना वाटलं, आपल्या मुलांनी दिलेला पैसा आपल्या आवारात खर्च व्हावा, बाहेरच्या मुलांवर का? विशेष सभेत एक गृहस्थ म्हणाले, "उद्या त्या वस्तीतली चाळीस मुलं गेटवर उभी राहिली तर जबाबदारी कुणाची?" प्रश्न चुकीचा नव्हता. आवाज चुकीचा होता. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी, ज्या सभेत कधी बोलत नाहीत, विचारलं, "त्यातलं एक पोर रात्रभर आपलं गेट सांभाळणाऱ्याचं आहे, ते आतलं की बाहेरचं?" सभा तिथेच तहकूब झाली.

कायद्याने बरीच कामं सोपी केली, काही अवघड. आपले कोषाध्यक्ष सी.ए. आहेत, त्यांनी स्पष्ट सांगितलं की सोसायटीच्या फंडाला हात लागणार नाही. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, दुरुस्ती फंड किमान पाऊण टक्का, हे उपविधींत ठरलेलं आहे आणि ते पैसे इमारतीचेच. पैसे जायचे ते शाळा चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे, तिच्या ८०-जी पावतीवर. तीही सवलत २००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाही आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली त्यांना मुळीच नाही. हे ऐकून एकही जण मागे हटला नाही, याची नोंद व्हावी.

परदेशातल्यांचा गुंता वेगळा. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे ते आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतात. ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं, ते २०१० च्या परकीय देणगी कायद्याच्या दृष्टीने परकीय. त्यांचा पैसा घ्यायचा तर संस्थेला त्या कायद्याखाली वेगळी नोंदणी हवी आणि २०२० च्या दुरुस्तीपासून खातंही दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतच हवं. आपल्या शेजारच्या शाळेची संस्था एवढी मोठी नाही. न्यू जर्सीवाला म्हणाला, मी आईच्या खात्यात पाठवतो, ती देईल. सी.ए. काकांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. ज्या मुलाला नियमाने खेळायला शिकवायचं, त्याच्यासाठी पळवाट नको, असं त्यांचं म्हणणं. न्यू जर्सीवाला दोन वर्षं झाली, दर शनिवारी रात्री व्हिडिओ कॉलवर त्या मुलांना इंग्रजी शिकवतो. ते मला त्याच्या डॉलरपेक्षा महाग वाटतं.

उरला प्रश्न, पैसा कशावर? इथे माझ्या मुलीने नागपाड्याचा हिशेब मांडला, माझ्याच ऑफिसच्या गोष्टीवरून. एकदा गोळा केलेली मोठी रक्कम फरशीत जाते आणि दुसऱ्या वर्षी बॉलही नसतो. सिमेंटच्या कोर्टवर बॉलचे दाणे लवकर झिजतात आणि गुळगुळीत झालेला बॉल लहान हातातून सुटतो. मुलींना ६ नंबरचा, अगदी लहानांना ५ नंबरचा बॉल लागतो, सगळ्यांना मोठ्यांच्या ७ नंबरवर शिकवलं तर मनगट बिघडतं. प्रशिक्षकांना मानधन हवं, दरमहा, वेळेवर. पावसाळ्यात कोर्टवर शेवाळ धरतं, ते घासायला माणूस हवा. यातल्या एकाही गोष्टीवर देणगीदाराचं नाव कोरता येत नाही. म्हणून ठरलं, प्रत्येकी दरमहा ५०० रुपये, किमान तीन वर्षं, पाटी नाही. संगमरवरवाला दोन महिने रुसला. मग त्यानेच मुलींसाठी सहा नंबरचे बॉल पाठवले, वर पेनाने आपलं आडनाव लिहून. ते आता झिजलंय.

पैसा पोचतो तेव्हा काय होतं, याची दोन उदाहरणं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दहावीला खेळाचे जादा गुण आहेत, राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेचा कोटा तर मी आतूनच पाहिलाय. पण त्या दारापर्यंत जायला सलग सात-आठ वर्षं खेळावं लागतं आणि वस्तीतली मुलं बाराव्या-तेराव्या वर्षी गळतात. मुलगे कामाला लागतात, मुली घरात बसवल्या जातात. मानधन सुरू झाल्यावर प्रशिक्षकांनी आपली संध्याकाळची दुसरी नोकरी सोडली आणि सराव तीनाऐवजी पाच दिवस झाला. आणि मुलींच्या आया सांगतात की पाचही दिवस वेळ ठरलेली असली की घरात मागणं सोपं जातं. सरावाला येणाऱ्या सात मुलींपैकी एक आपल्या सी विंगमधली आहे, दोघी आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांच्या.

आवाराच्या वादावरही तोडगा निघाला, अर्धा का होईना. पाटीवरच्या वेळेत आपल्या रिंगवर सोसायटीतली आणि सोसायटीत काम करणाऱ्यांची मुलं एकत्र खेळतात. बाहेरच्या मुलांचा सराव शाळेच्या कोर्टवरच. मला हा तोडगा अपुरा वाटतो आणि मी तसं इतिवृत्तात नोंदवलंय. पण सभेत बहुमताने झालंय, तेव्हा मानते.

गेल्या डिसेंबरात शाळेच्या कोर्टवर 'माजी विरुद्ध आजी' सामना झाला. माजी म्हणजे आपली चाळिशीकडे झुकलेली पोरं, दोघांच्या गुडघ्याला पट्टे. आजी म्हणजे चौदा-पंधराची. तिकीट वीस रुपये, वडापावचा स्टॉल महिला मंडळाचा. पहिल्या दहा मिनिटांत माजी पुढे होते, कारण अनुभव. नंतर श्वास संपला. वॉचमनच्या मुलाने तीन गुणांच्या रेषेबाहेरून, म्हणजे पावणेसात मीटरवरून, एकामागून एक दोन बास्केट टाकल्या तेव्हा तहकूब सभेत जबाबदारी विचारणारे गृहस्थ माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या की नाही, ते मी लिहीत नाही. पुढच्या महिन्यापासून त्यांचे पाचशे रुपये सुरू झाले, ते कोषाध्यक्षांच्या वहीत आहे.

तीन वर्षांचं वचन येत्या मार्चमध्ये संपतंय. त्याच्या आत ग्रुपवर पुन्हा विचारायचं आहे आणि नव्या पिढीतल्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींनाही विचारायचं आहे. यादी ए विंगमधल्या 'एकट्या'कडे आहे. नाव द्यायचं असेल तर संध्याकाळी सात ते साडेआठ तो रिंगखालीच सापडेल.