पालेर्मो : चार लिप्यांचे शहर

सिसिली बेटावरील पालेर्मो या शहरी प्रवासी सहसा तीन गोष्टींसाठी जातो : बाराव्या शतकातील वास्तू, मोंदेल्लोचा समुद्रकिनारा आणि बाजारातील खाणे. या तिन्ही गोष्टी तिथे भरभरून मिळतात. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाने शहराची सुरुवात ‘झीझा’ नावाच्या जुन्या राजप्रासादापासून करावी. ‘अल्-अझीझा’ या अरबी शब्दाचे हे इटालियन रूप. या प्रासादातील संग्रहालयात संगमरवराची एक फरशी आहे. ग्रिझान्दुस नावाच्या ख्रिस्ती पुरोहिताने आपल्या आईच्या, आन्नाच्या, स्मरणार्थ ती घडवून घेतली. आन्ना इ.स. ११४८ मध्ये निवर्तली. तिच्या मृत्यूची वार्ता या दगडावर चार लिप्यांत कोरलेली आहे : वरती हिब्रू लिपीत लिहिलेली अरबी, मध्ये लॅटिन आणि ग्रीक, खाली अरबी लिपीतील अरबी. केवळ लिपी बदलते असे नाही, कालगणनाही बदलते. प्रत्येक मजकूर आपापल्या परंपरेच्या वर्षात बोलतो. एका स्त्रीचा एक मृत्यू, आणि त्याची चार वर्षे!

हा दगड पाहून ‘सहजीवन’ हा शब्द ओठांवर येणे स्वाभाविक आहे. पर्यटन-पुस्तिकांतही तोच शब्द असतो. तो कितपत खरा आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू.

फिनिशियनांनी वसवलेले हे बंदर रोमन आणि बायझंटाइन सत्तांखालून जात इ.स. ८३१ मध्ये अरबांच्या हाती आले. १०७२ मध्ये ते नॉर्मनांनी जिंकले. उत्तरेकडून आलेले हे मूठभर योद्धे. राज्य चालवायला त्यांच्याजवळ ना कारकून होते, ना कारागीर. म्हणून त्यांनी जिंकलेल्यांनाच कामाला लावले. ११३० च्या नाताळात राज्याभिषेक झालेल्या दुसऱ्या रॉजरच्या दरबारात लॅटिन, ग्रीक आणि अरबी या तिन्ही भाषांत फर्माने निघत. त्याच्या खासगी प्रार्थनामंदिरात भिंतींवर ग्रीक धाटणीची सोनेरी कुट्टिमचित्रे आहेत, तर डोक्यावर लहानलहान कोनाड्यांनी मढवलेले इस्लामी पद्धतीचे लाकडी छत. त्या छतावर वादक, मद्यपी आणि बुद्धिबळ खेळणारे रंगवले आहेत, आणि कुफी लिपीतील शुभेच्छा राजाच्या शिरावर अखंड झुलत आहेत. रॉजरसाठी विणलेल्या लाल रेशमी प्रावरणावर अरबी लेख आहे आणि त्यातील वर्ष हिजरी सनाचे आहे. पुढे हेच वस्त्र पवित्र रोमन सम्राटांच्या राज्याभिषेकाला वापरले जाऊ लागले. आज ते व्हिएन्नात आहे.

याच दरबारात अल्-इद्रीसी या भूगोलवेत्त्याने अनेक वर्षे प्रवाशांच्या जबान्या आणि जुने ग्रंथ पडताळून ११५४ मध्ये जगाचे वर्णन सिद्ध केले. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे, कारण त्या ग्रंथात ठाणे आहे आणि सोपारा आहे. ठाण्याच्या डोंगरांत होणाऱ्या वंशलोचनाचीही नोंद आहे. उत्तर कोकणात तेव्हा शिलाहारांची सत्ता होती. इद्रीसीने कोकण पाहिले नव्हते. पण अरबी भाषेच्या जाळ्यामुळे सोपाऱ्याच्या धक्क्यावरची बातमी पालेर्मोच्या राजवाड्यात पोचू शकत होती.

आता चित्राची दुसरी बाजू पाहू. दरबारातील बहुभाषिकता ही राजाची गरज होती, प्रजेचा हक्क नव्हे. राजसत्ता डळमळली की संरक्षणही डळमळे. ११६१ च्या सरदारांच्या बंडात पालेर्मोतील मुसलमानांची कत्तल झाली. ११८९ मध्ये दुसरा विल्यम मरण पावताच पुन्हा हल्ले झाले आणि अनेक जण डोंगरांत पळाले. त्याआधी, ११८४ च्या नाताळात, हजहून परतणारा इब्न जुबैर इथे आला होता. ख्रिस्ती स्त्रिया मुस्लिम स्त्रियांसारख्या वेषात देवळात जाताना त्याने पाहिल्या आणि त्याला कौतुक वाटले. मात्र राजवाड्यातील सेवक आपला धर्म लपवून पाळतात, हेही त्याने टिपले. एका बापाने आपली मुलगी यात्रेकरूंबरोबर मुस्लिम मुलखात पाठवू पाहिल्याचा प्रसंग त्याने लिहिला आहे. एकाच प्रवासवर्णनात कौतुक आणि भय शेजारीशेजारी नांदतात. सहजीवनाचा पुरावा म्हणून यातील एकच अर्धा भाग उद्धृत करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

वाङ्मयाच्या इतिहासाला तर याहून अवघड प्रश्न पडतो. पालेर्मोत वाढलेल्या दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारात तेराव्या शतकात लोकभाषेतील प्रेमकविता बहरली. सुनीताचा जनक मानला जाणारा जाकोमो दा लेंतीनी याच दरबारातील लेखनिक होता. आणि याच फ्रेडरिकने १२२० च्या दशकापासून सिसिलीतील मुसलमानांना इटलीच्या मुख्य भूमीवरील लुचेरा येथे हद्दपार केले. ज्या हाताने कवींना आश्रय दिला त्याच हाताने एक भाषा बेटावरून उखडली. १४९२ मध्ये स्पॅनिश राजवटीच्या आज्ञेने ज्यूंनाही जावे लागले. आन्नाच्या दगडावरील दोन लिप्यांना वाचक उरला नाही. त्या कवितांचेही दैव विलक्षण : बहुतेक सिसिलियन कविता तोस्काना प्रांतातील नकलाकारांच्या हस्तलिखितांतूनच हाती आल्या, त्यांच्या भाषेचा रंग लेवून.

माणसे गेली, शब्द मात्र स्वयंपाकघरात राहिले. बाल्लारोच्या बाजारात भाताचा तळलेला गोळा मिळतो, त्याचे नाव ‘आरांचीना’, म्हणजे छोटे संत्रे. या नावामागे अरबी ‘नारंज’ आहे आणि त्यामागे आपले ‘नारंग’. ‘झुक्केरो’मागे ‘सुक्कर’ आणि त्यामागे ‘शर्करा’. ‘पानेल्ले’ खाताना मराठी जिभेला पाटवडी आठवावी : हरभऱ्याचे पीठ शिजवून, थापून, कापून तळलेले. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी शेवयांसारखा पदार्थ बनतो आणि जहाजे भरभरून बाहेर जातो, असे इद्रीसीने लिहिले आहे. पास्त्याच्या इतिहासात या नोंदीला मोठे मोल आहे.

प्रवाशाला जे ‘प्राचीन’ वाटते त्यातील काही अर्वाचीनही असते. दोन डोंगरांच्या कुशीतला मोंदेल्लोचा किनारा पूर्वी दलदल होता. ती उपसून विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे स्नानगृह आणि बंगले उभे राहिले. सान जोव्हान्नी देल्यी एरेमीतीच्या घुमटांचा प्रसिद्ध लाल रंग एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धाराने दिलेला आहे. २०१५ मध्ये ‘अरब-नॉर्मन पालेर्मो’ला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. ती योग्यच आहे. फक्त त्या दोन शब्दांमधील जोडरेघेत किती रक्त आणि किती शाई आहे, हे विसरू नये.

तेव्हा सहजीवन हा शब्द टाकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. ग्रिझान्दुसने आईचे नाव चार लिप्यांत कोरवले, तेव्हा त्यात मिरवणे असेल, धर्मप्रसाराचा हेतूही असेल. तरीही या चारही लिप्या वाचणारी माणसे आपल्या शहरात आहेत, हे त्याने गृहीत धरले होते. पालेर्मोने पुढे गमावले ते हे गृहीतक. दगड आजही चारही लिप्यांत बोलतो. एका नजरेत तो वाचू शकणारे शहर मात्र उरले नाही.